प्रत्येक चिमणी मर्यादेत, मग चंद्रपूरची हवा मर्यादेबाहेर कशी?

इरईकाठ (धागाकर्ती)

चंद्रपुरात हवेवर चर्चा सुरू झाली की टेबलावर दोन कागद येतात. एक कारखान्याचा: चिमणीतल्या धुरात धूळ अमुक मिलिग्रॅम, परवानगी तमुक मिलिग्रॅम, सगळं मर्यादेत. दुसरा शहराच्या हवेचा: धूलिकण मर्यादेबाहेर. पहिला कागद वाचणारा दुसऱ्याबद्दल बोलत नाही आणि दुसरा वाचणाऱ्याला पहिल्याचं उत्तर देता येत नाही. मी इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वर्गातली मुलं विचारतात, "मॅडम, सगळ्या चिमण्या पास, मग हवा नापास कशी?" हा प्रश्न आकड्यांनिशी मांडावा म्हणून हा धागा.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. शहराला लागूनच दुर्गापूर-ऊर्जानगरला २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र. भोवती वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) कोळसा खाणी, काही अगदी वस्तीच्या अंगाला. घुग्घुस, आवारपूर, उपरवाही, गडचांदूर इथे सिमेंट. घुग्घुस-ताडाळीकडे स्पाँज आयर्न, म्हणजे पोलादासाठीचं कच्चं लोखंड. बल्लारपूरला कागद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषण निर्देशांकाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला. पुढे होते फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. ७० च्या वर गेलं की 'अतिप्रदूषित'. २०१० मध्ये अशा पट्ट्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या काही काळ थांबवल्या होत्या. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांची यादी आली, तिच्यातही चंद्रपूर आहेच.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे 'मानक' दोन ठिकाणी लागतं. एक चिमणीच्या तोंडाशी: धुराच्या एका घनमीटरमागे किती मिलिग्रॅम. दुसरं तुमच्या-माझ्या नाकाशी: २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम१० (१० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) हवेच्या घनमीटरमागे दिवसाच्या सरासरीत १०० मायक्रोग्रॅम, वर्षाच्या सरासरीत ६०, पीएम२.५ (त्याहून बारीक, अडीच मायक्रॉनपर्यंतचे) दिवसाला ६०, वर्षाला ४०. (जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची पीएम२.५ ची वार्षिक शिफारस ५ आहे, पण आपण आपल्याच मानकाबद्दल बोलू.) पहिलं मानक धूर किती दाट आहे ते पाहतं. धूर एकूण किती निघाला, ते पाहत नाही. आणि एका पट्ट्यात अशा किती चिमण्या शेजारी शेजारी आहेत, हे तर कोणीच पाहत नाही.

हा ढोबळ हिशेब बघा. कोळशावर एक युनिट वीज बनवताना साधारण ४ घनमीटर धूर निघतो असं धरू. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर तासाला २० लाख घनमीटर. डिसेंबर २०१५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे २००३ पर्यंतच्या संचांना धुळीची मर्यादा १०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०१६ पर्यंतच्यांना ५०. म्हणजे काटेकोर नियमात चालणारा जुना ५०० मेगावॉटचा संच दिवसाला ४.८ टन धूळ सोडू शकतो, नवा २.४ टन. आपल्याकडे संच ५, ६, ७ जुने, ८ आणि ९ नवे, शिवाय २१० मेगावॉटचे दोन जुने, ते प्रत्येकी दोनेक टन. बेरीज करा: दिवसाला सुमारे २३ टन, एकही नियम न मोडता. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना चालवायच्या संमतीपत्रात याहून कडक अट घालू शकतं, तशी घातली तर आकडा खाली येईल. यात सिमेंट, स्पाँज आयर्न, खाणी, रस्ते काहीच धरलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: या पट्ट्याची हवा एकूण किती टन सोसू शकते हे आधी ठरवा आणि मग ते टन चिमण्यांमध्ये वाटा. आज उलटं चालतं. प्रत्येकाला वेगळी परवानगी मिळते आणि बेरीज आपल्या फुप्फुसात होते.

जाणकारांनी हिशेब तपासावा. चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

---

बॉयलर_निवृत्त

मॅडम, हिशेब बरोबर आहे. मी आयुष्यभर औष्णिक केंद्रांत बॉयलर विभागात काम केलं (कुठल्या ते महत्त्वाचं नाही), म्हणून दुसऱ्या बाजूने ताळा करून पाहिला. ५०० मेगावॉटचा संच दिवसाला साधारण ८४०० टन कोळसा खातो. आपल्या कोळशात राख ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३३६० टन. त्यातली ऐंशी टक्के धुरासोबत उडते, ती २७०० टनांच्या जवळ. ईएसपीने (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राने) ९९.९ टक्के पकडली तरी २.७ टन चिमणीतून जाणारच. तुमच्या ५० मिलिग्रॅमच्या आकड्याशी हे जुळतं.

पण खरी मेख त्या दशांश चिन्हानंतर आहे. ईएसपीत उच्च दाबाच्या विजेने राखेच्या कणांना भार दिला जातो, ते पत्र्यांना चिकटतात, हातोडे पत्रे ठोकतात आणि राख खाली हॉपरमध्ये पडते. अशा पत्र्यांचे गट, म्हणजे फिल्डं, एकामागे एक असतात. एखादं फिल्ड शॉर्ट झालं, हॉपर तुंबला, की कार्यक्षमता ९९.९ वरून ९९.५ वर येते. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण बाहेर पडणारी धूळ पाचपट होते: २.७ टनांची साडेतेरा टन. फिल्ड दुरुस्त करायचं तर संच थांबवावा लागतो किंवा भार कमी करावा लागतो. वरून फोन असतो की वीज हवी आहे. मग पुढच्या शटडाऊनपर्यंत तसंच चालतं. मी हे पाहिलं आहे आणि त्याबद्दल भांडलोही आहे.

आपल्या कोळशाची आणखी एक खोड. त्यात गंधक कमी, म्हणून राखेची विद्युत रोधकता जास्त, म्हणून ती ईएसपीत नीट भार घेत नाही. त्यावर धुरात थोडा अमोनिया सोडण्यासारखे उपाय आहेत, पण ती यंत्रणा रोज जपावी लागते. बॅग फिल्टरला रोधकतेचं वावडं नाही, कापडच धूळ अडवतं. मात्र पिशव्या बदलण्याचा खर्च आणि पंख्यावरचा भार वाढतो. जुन्या संचांत शेवटच्या एक-दोन फिल्डांच्या जागी पिशव्या बसवता येतात. याची चर्चा व्हायला हवी.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. ५०० मेगावॉटची चिमणी २७५ मीटर उंच असते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा हा धूर त्या थराच्या वरून निघून जातो आणि शहरात कोंडून राहते ती खालची धूळ: रस्ता, कोळशाचे ढीग, शेगड्या, जाळलेला कचरा. उलट उन्हाळ्यात दुपारी हवा उसळते, तेव्हा चिमणीचा धूर गोते खात खाली येतो. त्यामुळे २३ टन हा आकडा खरा असला तरी ते सगळे शहरावरच पडतात असं म्हणता येणार नाही. पीएम१० साठी आधी जमिनीकडे बघा.

---

घुग्घुसवाला

जमिनीकडे बघा म्हन्ता ना भाऊ, तं या आमच्याकडे. चिमणी राहू द्या बाजूला. रस्ता बघा. कोळशाचे हायवा, राखेचे बल्कर, क्लिंकर, गिट्टी, सारं याच रस्त्यानं. ताडपत्री बांधली तं बांधली, नाही तं अर्धा कोळसा वळणावर सांडते. मागून येणारी गाडी त्याची पूड करते, तिच्या मागची उडवते. दुपारून टँकर पानी मारते, अर्ध्या तासात रस्ता कोरडा. चंद्रपूरचं ऊन काही नवं नाही.

अन् रात्रीचं काय? दिवसा चिमणी पांढरी, रात्री बारानंतर काळी. गच्चीवर वाळवण टाकायची सोय नाही, सकाळी हात फिरवला का काळा. माय म्हातारी हाय माझी, दम्याचा पंप उशाखाली घेऊन झोपते. तक्रार केली तं मानूस येते दिवसा, मोजून जाते. दिवसा काय सापडनार?

कोनाचं नाव घेत नाही. पन रात्री मोजा ना एकदा.

---

बॉयलर_निवृत्त

घुग्घुसवाला भाऊ, रात्रीच्या काळ्या धुराचं तांत्रिक कारण सांगतो, कारण तक्रारीत ते नेमकं लिहिलं तर टाळता येत नाही.

कोळशावर चालणाऱ्या स्पाँज आयर्नच्या भट्टीला दोन वाटा असतात. नेहमीची वाट: भट्टीतला वायू आफ्टर बर्निंग चेंबरमध्ये पूर्ण जाळायचा, थंड करायचा, ईएसपीतून न्यायचा, मग चिमणी. दुसरी वाट आपत्कालीन: वीज गेली किंवा दाब वाढला तर वरचं झाकण उघडतं आणि वायू थेट बाहेर. ते झाकण सुरक्षेसाठी आवश्यकच आहे. पण झाकण उघडं असलं की ईएसपी चालवायची वीज वाचते. म्हणून तक्रारीत 'काळा धूर' एवढंच लिहू नका. "आपत्कालीन झाकण कधी, किती वेळ उघडलं, त्याची नोंद आणि त्याच वेळची ईएसपीच्या वीजवापराची नोंद द्या" असं मागा. ईएसपी चालू होता की नव्हता ते विजेच्या मीटरवरून कळतं. त्याला रात्र आणि दिवस सारखेच.

रस्त्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. पाणी मारणं हा तात्पुरता उपाय. टिकाऊ उपाय तीन: कोळसा ट्रकऐवजी बंद पाइप कन्व्हेयरने किंवा रेल्वेने न्यायचा, खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाकं धुवायची आणि रस्त्याच्या कडा पक्क्या करायच्या. कडेची माती उघडी राहिली तर झाडू मारून काही साधत नाही.

---

वीजग्राहक_नाशिक

धागा वाचतोय, पोटतिडीक कळते. पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. वीज तर सगळ्यांनाच हवी. गंधक काढायची एफजीडी यंत्रणा बसवली की दर वाढतो. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये बहुतेक वीज केंद्रांना त्यातून सूट दिली, कारण आपल्या कोळशात गंधक कमी आणि शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मानकाच्या आतच आहे. युनिटमागे २५-३० पैसे वाचतील असंही सांगितलं गेलं. शिवाय एफजीडीला चुनखडी लागते, त्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड निघतो. मग धूळ आवरायची सोडून गंधकामागे का लागायचं?

---

इरईकाठ (धागाकर्ती)

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर.

आधी मुदतींचा प्रवास. ७ डिसेंबर २०१५ ला मानकं आली, पालनासाठी दोन वर्षं दिली. मग मुदत २०२२ पर्यंत गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट पाडले: 'अ' म्हणजे दिल्ली राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आतली, 'ब' म्हणजे अतिप्रदूषित पट्टे किंवा मानकं न गाठणाऱ्या शहरांजवळची, 'क' म्हणजे उरलेली. त्यानंतर २०२२ मध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मुदतवाढ. ११ जुलै २०२५ ला 'क' गट सल्फरच्या मानकातून मोकळा झाला, म्हणजे देशातली तीन चतुर्थांशाहून जास्त केंद्रं. 'ब' गटाचा निर्णय तज्ज्ञ समितीने एकेका केंद्रापुरता घ्यायचा आहे. चंद्रपूर अतिप्रदूषितही आणि यादीतलं शहरही, म्हणजे 'ब'. आपल्या बाबतीत दार अजून उघडं आहे. म्हणूनच आत्ता बोलायला हवं.

"गंधक कमी" हे टक्केवारीत खरं आहे. टनांत बघा. ०.५ टक्के धरलं तरी ८४०० टन कोळशात ४२ टन गंधक, म्हणजे ८४ टन सल्फर डायऑक्साइड, एका संचाचं, एका दिवसाचं. ५०० मेगावॉटला असलेली २०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळली तर हेच १० टनांच्या आत येतं.

शहराच्या हवेत सल्फर डायऑक्साइड कमी दिसतो, कारण तो उंच चिमणीतून निघून वाऱ्याबरोबर पुढे जातो आणि वाटेत त्याचं सल्फेट बनतं. सल्फेटचे कण पीएम२.५ मध्ये मोजले जातात, तेही शेकडो किलोमीटर दूर, कुठल्या तरी दुसऱ्याच गावात. वायू म्हणून मोजला तर तो मर्यादेत आणि कण झाला की त्याचा मालक कोण हेच कळत नाही. मुलांना मी हे समीकरण फळ्यावर लिहून दाखवते. त्यांना कळतं.

कार्बनबद्दल: एका संचाला दिवसाला सव्वाशे-दीडशे टन चुनखडी लागेल, त्यातून ५०-५५ टन कार्बन डायऑक्साइड निघेल. तोच संच कोळशातून दिवसाला ११ हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. अर्ध्या टक्क्याचा प्रश्न आहे. यंत्रणा चालवायला वीज लागते, ती दीडेक टक्का धरा. पाण्याची अडचण मात्र खरी आहे. चुनखडीच्या ओल्या पद्धतीला पाणी लागतं आणि इरई नदीच्या पाण्यावर शहराचाही हक्क आहे. केंद्रासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायची अट घातल्याशिवाय मी याला हो म्हणणार नाही.

आणि एक गोष्ट चंद्रपूरकरांनी आवर्जून लक्षात घ्यावी. ही यंत्रणा चुनखडी घेते आणि जिप्सम देते. चुनखडी कुठे आहे? कोरपना-गडचांदूर पट्ट्यात, आपल्याच जिल्ह्यात. जिप्सम कोणाला लागतं? सिमेंटला, क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे) दळताना, तेही आपल्याच जिल्ह्यात. एका संचातून दिवसाला दोनशे टनांच्या आसपास जिप्सम मिळेल आणि गिऱ्हाईक तासाभराच्या अंतरावर आहे. देशात इतकी जुळून आलेली जागा क्वचितच असेल.

---

डहाणूकर

मी डहाणूचा. आमच्याकडे हे घडलं आहे, म्हणून लिहितो.

डहाणू तालुका जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. त्याच काळात ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्रही येत होतं. चिकूच्या वाड्यांवर धुराचं काय होईल, ही भीती घराघरात होती. मंजुरीत गंधक काढायच्या यंत्रणेची अट होती, पण केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालं आणि यंत्रणा मागे राहिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. सुनावण्या डहाणूतच आणि सर्वांसाठी खुल्या. बागायतदार, मच्छीमार, आदिवासी, कोणीही उभं राहून बोलू शकत होतं आणि कंपनीच्या अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावं लागत होतं. प्राधिकरणाने विषय वर्षानुवर्षे सोडला नाही, मोठ्या रकमेची बँक हमी मागितली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. २००७ मध्ये एफजीडी सुरू झाली. आमच्याकडे समुद्राचं पाणी वापरतात, तुम्हाला चुनखडी वापरावी लागेल, एवढाच फरक.

यंत्र तेच, कायदा तोच. फरक पडला तो गावात बसून, नाव पुकारून जाब विचारणाऱ्या एका प्राधिकरणामुळे. चंद्रपूरला मंडळाचं कार्यालय आहेच. पण तिमाही खुली सुनावणी आहे का?

---

नागोयाहून

मूळची वर्ध्याची, सध्या जपानमध्ये नागोयाला. इथून जवळच योक्काइची नावाचं शहर आहे. इरईकाठ यांनी पहिल्या पोस्टमध्ये जे मागितलंय, अगदी तेच तिथे झालं.

१९५९ मध्ये तिथे पेट्रोकेमिकल संकुल सुरू झालं. भरपूर गंधकाचं खनिज तेल जळायचं. लागून इसोझु नावाची कोळ्यांची वस्ती. काही वर्षांत तिथे दम्याचे इतके रुग्ण झाले की आजाराला 'योक्काइची दमा' हे नाव पडलं. पहिला उपाय कोणता केला असेल? चिमण्या उंच केल्या. इसोझुचा धूर थोडा कमी झाला आणि दूरच्या वस्त्यांत पसरला.

१९६७ मध्ये इसोझुच्या नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा लावला. आमच्या एकट्याच्या धुरामुळे हे झालं हे सिद्ध करा, असा कंपन्यांचा पवित्रा होता. २४ जुलै १९७२ ला निकाल लागला: सहाही जण मिळून जबाबदार. एकेकाचा धूर वेगळा काढून दाखवण्याची गरज नाही. वस्तीत दमा वाढला आणि तो या धुराशी जुळतो, हे साथरोगशास्त्राच्या आकड्यांवरून पुरेसं सिद्ध होतं.

त्याच वर्षी योक्काइची ज्यात येतं त्या मिए प्रांताने एकूण भाराचा नियम आणला. शहराच्या हवेत सल्फर डायऑक्साइड किती असावा ते आधी ठरवलं, त्यावरून संपूर्ण भागातून किती टन निघू द्यायचे ते काढलं आणि मग प्रत्येक कारखान्याला त्याचा वाटा नेमून दिला. कारखान्यांनी गंधक काढलेलं तेल वापरलं, गंधक शोषणारी यंत्रं बसवली. १९७६ पर्यंत शहरात सल्फर डायऑक्साइडचं मानक गाठलं गेलं. १९७४ मध्ये देशाच्या कायद्यातही ही पद्धत आली. संकुल आजही चालू आहे, कोणाची नोकरी बुडवून हे झालेलं नाही.

चंद्रपूरचं वाचताना सारखं इसोझु आठवत होतं. घुग्घुसवाला दादा, तुमच्या आईची काळजी घ्या.

---

सुरतेतला_मराठी

एकूण भार वाटून देण्याचं काम भारतातही सुरू आहे, आमच्या सुरतेत. २०१९ पासून. कोळशाचे बॉयलर असलेले तीनशेच्या आसपास कारखाने, बहुतेक कापड प्रक्रियेचे. गुजरात मंडळाने सर्वांची मिळून धुळीची मर्यादा किलोत ठरवली आणि परवाने वाटले. ज्याची धूळ कमी, तो उरलेले परवाने विकतो. ज्याची जास्त, त्याला विकत घ्यावे लागतात. चिमणीत सतत मोजणारं यंत्र सक्तीचं. संशोधकांनी अर्धे कारखाने या योजनेत आणि अर्धे बाहेर ठेवून तुलना केली, तेव्हा योजनेतल्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी निघाली.

पण त्याहून मोलाची वाटते ती गुजरातमधलीच आणखी एक गोष्ट. पर्यावरण तपासनीस कारखानाच निवडायचा आणि पैसेही कारखानाच द्यायचा. मग अहवाल कसे यायचे? आश्चर्य वाटेल इतके आकडे मर्यादेच्या किंचित खाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही कारखान्यांसाठी पद्धत बदलून पाहिली: तपासनीस चिठ्ठी टाकून ठरवला, पैसे सामायिक निधीतून दिले आणि काही मोजणी दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतली. अहवाल खरे येऊ लागले आणि पुढे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. नवं यंत्र एकही बसवलं नव्हतं. मोजणाऱ्याचा पगार कोणाच्या हातात आहे, एवढंच बदललं होतं.

महाराष्ट्र मंडळानेही २०१७ मध्ये चिमणीच्या धुळीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना काढली होती. आपल्या भागातल्या कारखान्यांचे तारे मागून घ्या.

---

वीजग्राहक_नाशिक

उत्तर पटलं, विशेषतः जिप्समचं. दंडाचं काय पण? एवढे मोठे उद्योग, त्यांना दंड परवडतोच की.

---

इरईकाठ (धागाकर्ती)

बरोबर पकडलंत. १९८१ च्या हवा कायद्यात कैदेच्या शिक्षा होत्या. जनविश्वास कायद्याने त्यातल्या बऱ्याच काढून १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाखांचा दंड आणला. १५ लाख म्हणजे ५०० मेगावॉटच्या संचाला तासाभराच्या विजेच्या किमतीएवढे. संमतीपत्रासोबत घेतलेली बँक हमी जप्त होणं आणि कलम ३१अ खाली उत्पादन कमी करण्याचा किंवा थांबवण्याचा आदेश, हीच खरी हत्यारं उरतात. ती वापरायला पुरावा सलग हवा, एका दिवसाचा नको.

---

घुग्घुसवाला

म्याडम, सारं वाचलं. जपान वाचलं, सुरत वाचलं, डहाणू वाचलं. आता आमी काय करायचं ते सांगा. ग्रामसभा हाय पुढच्या महिन्यात. कागदावर काय लिहू?

---

इरईकाठ (धागाकर्ती)

दादा, ठरावात पहिली मागणी माहितीची लिहा, कारण ती नाकारणं सगळ्यांत अवघड.

प्रत्येक मोठ्या कारखान्याचं संमतीपत्र मागा. चिमणीची उंची, धुळीची मर्यादा, बँक हमीची रक्कम आणि ती कशासाठी घेतली, हे सगळं त्याच्या परिशिष्टांत असतं. पर्यावरण मंजुरी असलेल्या उद्योगाला अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो, तो मागा. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरणपत्र मागा. केंद्रीय मंडळाच्या २०१४ च्या आदेशापासून जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीत सतत मोजणारं यंत्र लावावं लागतं. त्याचे तासातासाचे आकडे मागा, महिन्याची सरासरी नको. सरासरीत तुमची रात्र बुडून जाते.

दुसरी मागणी हवा मोजण्याची जागा आणि वेळ यांबद्दल. शहरात सतत मोजणारी केंद्रं आहेत, एक चंद्रपुरात आणि एक खुटाळा एमआयडीसीत. घुग्घुसच्या कोळसा रस्त्यावर तसं केंद्र हवं. हाताने मोजणाऱ्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा, वर्षात किमान १०४ वेळा मोजणी करायची असते. ती कोणत्या तारखांना झाली ते विचारा. मानकातच लिहिलंय की वर्षातले ९८ टक्के दिवस २४ तासांची मर्यादा पाळली गेली पाहिजे आणि उरलेल्या दोन टक्क्यांतही मोजणीच्या सलग दोन दिवशी ती ओलांडता कामा नये. तारखांची यादी हातात आली की शाळेतलं पोरही हे तपासू शकेल. माझ्या वर्गातली मुलं तुमच्यासाठी तक्ते करून देतील, मी त्यांच्याशी बोलले आहे.

तिसरी मागणी डहाणूकरांनी सांगितलेली: दर तिमाहीला खुली सुनावणी, घुग्घुसमध्येच. आणि चौथी या धाग्याची मूळ मागणी: जिल्ह्याच्या हवेची एकूण वहनक्षमता टनांत काढून जाहीर करा आणि ती जाहीर होईपर्यंत कोणत्याही विस्ताराला नवी संमती देऊ नका.

---

बॉयलर_निवृत्त

मॅडम, तासातासाचे आकडे मागताना एक ओळ वाढवा. धुळीच्या आकड्यासोबत त्याच तासाचा संचाचा भार, म्हणजे किती मेगावॉट, आणि ईएसपीची किती फिल्डं चालू होती, हेही मागा. नुसता धुळीचा आकडा दिला तर संच अर्ध्या भारावर होता की पूर्ण, ते कळत नाही. फिल्डांची नोंद कंट्रोल रूममध्ये असतेच, वेगळी बनवावी लागत नाही. सिमेंटसाठी भट्टीचं तासाचं उत्पादन मागा, त्यांची धुळीची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. स्पाँज आयर्नसाठी झाकणाच्या नोंदी आणि ईएसपीचं वीज मीटर.

घुग्घुसवाला भाऊ, ठरावाचा मसुदा इथे टाका. तांत्रिक शब्द मी तपासून देतो आणि ग्रामसभेलाही येतो.